हुगळीकाठची लाकडी जहाजबांधणी : एका लुप्त उद्योगाचा धडा

(संग्रहालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पिक्टन नावाचे छोटे बंदर आहे. तेथील एका सुक्या गोदीत, छपराखाली, एक जुने लाकडी जहाज जतन करून ठेवले आहे. त्याच्या डोलकाठ्या आणि शिडे केव्हाच गेली, परंतु सांगाडा अद्याप उभा आहे. 'एडविन फॉक्स' हे त्याचे नाव. ते १८५३ मध्ये हुगळी नदीच्या काठी, कोलकात्यासमोरील हावडा बाजूच्या सालकिया येथे साग व साल या लाकडांपासून बांधले गेले. जगात शिल्लक राहिलेल्या सर्वांत जुन्या व्यापारी शिडाच्या जहाजांत त्याची गणना होते. ज्या नदीकाठाने अशी शेकडो जहाजे समुद्रात लोटली, त्या काठावर मात्र त्या काळातील एकही जहाज उरलेले नाही. जहाज पिक्टनला, कागदपत्रे लंडनला आणि कारागिरांची नावे कोठेच नाहीत, अशी या उद्योगाच्या स्मृतीची विभागणी झालेली आहे.

हा उद्योग का उभा राहिला व का लोपला, हा प्रश्न केवळ स्थानिक इतिहासाचा नाही. वसाहतकालीन अर्थव्यवस्थेत देशी उद्योगांचा ऱ्हास कसा झाला, हे समजून घेण्यासाठी कोलकात्याच्या जहाजबांधणीसारखे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

नदी आणि नगर

कोलकाता हे समुद्रकाठचे बंदर नव्हे. ते समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, नदीवर वसलेले आहे. या स्थानाचे लाभ तसे तोटेही होते. गंगेच्या खोऱ्यातून येणारा तांदूळ, साखर, रेशीम, सोरा, नीळ व अफू हा माल नौकांतून थेट येथपर्यंत येई. उत्तरेच्या जंगलांतील लाकूडही प्रवाहाबरोबर खाली आणता येई. याउलट नदीतील वाळूचे बदलते पट्टे, उथळ पाणी आणि भरतीच्या वेळी भिंतीसारखी चढत येणारी 'बान' ही लाट मोठ्या जहाजांना सतत संकटात टाकीत असे. त्यामुळे जहाजांची दुरुस्ती ही या बंदराची नित्याची गरज होती आणि दुरुस्तीच्या याच कामातून बांधणीचे कौशल्य व भांडवल एकत्र आले.

बंगालमध्ये नौकाबांधणीची परंपरा इंग्रजांच्या आगमनापूर्वीचीच होती. नद्यांचे जाळे असलेल्या या प्रदेशात प्रत्येक प्रवाहाच्या खोलीला व वेगाला अनुरूप अशी वेगळी नौका असे. फळ्या लोखंडी आकड्यांनी एकमेकींना जोडून आधी बाहेरचे कवच तयार करावयाचे व मग आतून आडव्या पट्ट्या बसवावयाच्या, ही येथील सुतारांची पद्धत होती. युरोपीय पद्धतीत क्रम उलटा असे. आधी तळाचा कणा, मग बरगड्या आणि शेवटी त्यांवर फळ्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हुगळीकाठच्या गोद्यांत या दोन परंपरा एकमेकींच्या शेजारी आल्या. १७९१ ते १८०३ या काळात कोलकात्यात राहिलेला फ्लेमिश चित्रकार सोल्व्हिन्स याने येथील अनेक नौका रेखाटून ठेवल्या आणि जहाजबांधणीत इंग्रजांनी भारतीयांकडून पुष्कळ सुधारणा उचलल्याचे नमूद केले.

पहिली पिढी : वॉटसन ते किड

कोलकात्यातील मोठ्या जहाजबांधणीचा आरंभ साधारणपणे १७८० पासून मानला जातो. हैदर अलीने त्याच वर्षी कर्नाटकावर स्वारी केली. उद्ध्वस्त झालेल्या मद्रास प्रदेशाला बंगालमधून तांदूळ पाठविण्याची निकड निर्माण झाली व जहाजांची मागणी अचानक वाढली. तोपर्यंत बंगालचा सागरी व्यापार बऱ्याच अंशी सुरत, मुंबई, दमण व पेगू येथे बांधलेल्या जहाजांवर चालत असे.

या सुमारास कंपनीच्या सेवेतील अभियंता कर्नल हेन्री वॉटसन याने खिदिरपूर येथे जागा मिळवून गोदी उभारण्याचे काम हाती घेतले. ऑगस्ट १७८० मध्ये वॉरन हेस्टिंग्ज व फिलिप फ्रान्सिस यांच्यात झालेल्या प्रसिद्ध द्वंद्वयुद्धात फ्रान्सिसचा साक्षीदार असलेला वॉटसन तो हाच. त्याच्या गोदीतून १७८१ मध्ये ३६ तोफांचे 'नॉनसच' आणि १७८८ मध्ये ३२ तोफांचे 'सरप्राइज' ही जहाजे पाण्यात उतरली. या उद्योगात सुमारे दहा लक्ष रुपये बुडाल्यावर वॉटसनला माघार घ्यावी लागली. कोलकात्यातील वाटगंज हे नाव आजही त्याची आठवण देते.

वॉटसननंतर खिदिरपूरची गोदी कंपनीचा प्रमुख जहाजबांधणी अधिकारी वॅडेल याच्याकडे होती. त्याच्या हाताखाली शिकलेले जेम्स व रॉबर्ट किड हे बंधू पुढे तिचे मालक झाले. कंपनीच्या लष्करातील अधिकारी अलेक्झांडर किड यांचे हे पुत्र अँग्लो-इंडियन समाजातील होते. खिदिरपूर हे नाव या किड कुटुंबावरून पडले, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. ती टिकण्यासारखी नाही. जेम्स किड यांचा जन्म १७८६ चा. वॉटसनने १७८० मध्ये जागा घेतली, तेव्हाही त्या वस्तीचे नाव खिदिरपूर असेच होते. जलाचा व नाविकांचा रक्षक मानला गेलेल्या ख्वाजा खिज्र याच्या नावाशी त्याचा संबंध जोडणे अधिक सयुक्तिक ठरते.

खिदिरपूर हे एकमेव केंद्र नव्हते. नदीच्या वरच्या अंगाला टिटागढ येथे 'काउंटेस ऑफ सदरलँड' हे १,४४५ टनांचे प्रचंड जहाज बांधले गेले. हावडा बाजूस सालकिया येथे १७९६ मध्ये गोदी सुरू झाली आणि पुढे तो सारा किनारा गोद्यांनी भरून गेला. कोलकात्यात बांधलेले 'हेस्टिंग्ज' हे ७४ तोफांचे युद्धजहाज ब्रिटिश नौदलाने १८१९ मध्ये विकत घेतले.

या वाढीचे प्रमाण आकड्यांवरून स्पष्ट होते. बंदर कार्यालयातील जॉन फिप्स याने १८४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलनानुसार १७८१ ते १८०० या वीस वर्षांत कोलकात्यात १७,०२० टनांची ३५ जहाजे बांधली गेली. पुढे १८०१ या एकाच वर्षात १०,०७९ टनांची १९ जहाजे तयार झाली. म्हणजे वीस वर्षांच्या एकूण टनभाराच्या निम्म्याहून अधिक काम एका वर्षात झाले. १८१३ मध्ये ही संख्या २१ जहाजे व १०,३७६ टन अशी होती. फ्रान्सशी चाललेल्या दीर्घ युद्धामुळे ब्रिटनला जहाजांची आणि ओक लाकडाची टंचाई भासत होती, हे या भरभराटीचे एक प्रमुख कारण होय. गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०० मध्ये संचालक मंडळाला कळविले होते की, इंग्लंडला माल नेण्यास योग्य अशी सुमारे दहा हजार टनांची भारतीय बनावटीची जहाजे कोलकाता बंदरात उपलब्ध आहेत.

लाकडाचा प्रश्न

लाकडी जहाजाची गुणवत्ता सर्वप्रथम लाकडावर ठरते. हुगळीकाठी तीन प्रकारचे लाकूड मुख्यत्वे वापरले जाई. बरगड्यांसाठी शिसू, कारण त्याचे नैसर्गिक वाक जहाजाच्या आकाराला जुळत. तुळया व आतील फळ्यांसाठी साल. तळाचा कणा, बाहेरील फळ्या व डेक यांसाठी साग. शिसू व साल ही लाकडे बिहार व उत्तरेकडील जंगलांतून नदीमार्गे येत. सागवान मात्र ब्रह्मदेशातील पेगूहून समुद्रमार्गे आणावे लागे.

सागाचे महत्त्व केवळ मजबुतीपुरते नव्हते. ओक लाकडातील आम्लामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे व पट्ट्या गंजत. सागातील नैसर्गिक तेलामुळे लोखंड टिकून राही आणि लाकडालाही कीड व कूज सहसा लागत नसे. म्हणूनच ओकची जहाजे वारंवार दुरुस्तीला येत असताना सागवानी जहाजे अर्धशतकाहून अधिक काळ समुद्रावर राहू शकत.

परदेशी लाकडावरील हे अवलंबित्व कंपनीलाही खुपत होते. १७८७ मध्ये कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने शिवपूर येथे वनस्पती उद्यान स्थापन झाले. त्यामागील उद्देशांत जहाजांसाठी सागाची लागवड हाही एक होता. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील गाळाच्या जमिनीत सागाने अपेक्षित जोम धरला नाही आणि पुढे त्यासाठी राखलेली जमीन सोडून द्यावी लागली. आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उद्यानाच्या जन्मामागे अशा प्रकारे जहाजबांधणीचीही प्रेरणा होती. मुंबईला मलबारचे सागवान जवळ होते. कोलकात्याला ते नव्हते. या फरकाचे परिणाम पुढे दिसून आले.

नावे नसलेले हात

गोदीत मालक, आराखडे करणारे व हिशेब ठेवणारे युरोपीय वा अँग्लो-इंडियन असत. प्रत्यक्ष काम करणारे सुतार, करवतकरी, लोहार, फळ्यांच्या फटींत तंतू ठासून डांबर भरणारे आणि दोर वळणारे हे सारे येथील हिंदू व मुस्लिम कारागीर होते. एका मोठ्या जहाजाला महिनोन्महिने शेकडो हातांची गरज लागे. प्रत्येक फळी वाफेवर किंवा आगीवर तापवून वळवावी लागे. प्रत्येक सांधा पाणी आत न येईल इतका घट्ट बसवावा लागे. हे ज्ञान पुस्तकात नव्हते, ते पित्याकडून पुत्राकडे व मिस्त्रीकडून शागिर्दाकडे जात असे.

येथे मुंबईशी तुलना उद्बोधक ठरते. सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबई गोदीचे प्रमुख बांधकाम-कारागीर म्हणून काम केले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी १८१७ मध्ये बांधलेले 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. चीन व ब्रिटन यांच्यातील १८४२ चा नानकिंगचा तह मुंबईतच बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' या जहाजावर झाला. मुंबईत कारागीर हाच प्रमुख होता, म्हणून त्याचे नाव इतिहासात राहिले. कोलकात्यात कारागीर मजूर म्हणून नोंदला गेला, म्हणून गोद्यांची नावे उरली, पण हातांची नावे पुसली गेली. कौशल्य असणे आणि कौशल्यावर अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या तुलनेतून दिसते.

लंडनमधील विरोध

हुगळीवर बांधलेली जहाजे भारतीय माल घेऊन टेम्स नदीत पोहोचू लागली, तेव्हा १७९० च्या दशकाच्या मध्यापासून लंडनच्या जहाजबांधणी व्यवसायात खळबळ उडाली. भारतीय जहाजे त्यांना सरळसरळ स्पर्धक वाटू लागली. कंपनीला जहाजे भाड्याने देणाऱ्या मालकांचा गट प्रबळ होता व संचालक मंडळावर त्याचा प्रभाव होता. आपले सुतार बेकार होतील, असा त्यांचा दावा होता.

१८१३ च्या सनदी कायद्याने कंपनीची भारतीय व्यापारावरील मक्तेदारी संपुष्टात आली आणि हा वाद संसदेपुढे आला. भारतात बांधलेल्या जहाजांविरुद्धच्या अर्जांवर १८१४ मध्ये चौकशी होऊन साक्षी नोंदविल्या गेल्या. त्या वर्षीच्या व त्यानंतरच्या कायद्यांनी भारतीय जहाजांवर थेट बंदी घातली नाही, परंतु खलाशांच्या प्रश्नावर अडचण उभी केली. भारतीय 'लास्कर' खलाशी ब्रिटिश खलाशी म्हणून गणला जाणार नाही आणि ब्रिटिश जहाजावर तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिशच असले पाहिजेत, असा दंडक झाला. बंगालच्या जहाजांचे अर्थकारण स्वस्त व कुशल भारतीय खलाशांवर उभे होते. ते काढून घेतल्यावर जहाज उत्तम असूनही वाहतूक महाग झाली. धोरणाचा आघात वस्तूवर न करता तिच्या वापरावरही करता येतो, याचे हे उदाहरण होय.

विद्यार्थ्यांनी येथे एक दक्षता घ्यावी. भारतीय जहाजबांधणीचा ऱ्हास केवळ या कायद्यांनी झाला, असे उत्तर अपुरे आहे. वाफेच्या यंत्राने तो अटळपणे झाला, हेही अपुरे आहे. कालक्रम तपासला असता निदान चार कारणे एकामागून एक येताना दिसतात.

पतनाची चार कारणे

पहिले कारण म्हणजे युद्धाची समाप्ती आणि वर सांगितलेले कायदे. १८१५ नंतर जहाजांची मागणी घटली व त्याच सुमारास निर्बंध आले.

दुसरे कारण भांडवलाचे. कोलकात्यातील जहाजे मुख्यत्वे 'एजन्सी हाऊस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युरोपीय व्यापारी पेढ्यांच्या पैशावर बांधली जात. निळीच्या व्यवहारात अडकलेल्या या पेढ्या १८३० ते १८३४ या काळात एकापाठोपाठ एक कोसळल्या. त्यांतील मोठी अशी पामर आणि कंपनी जानेवारी १८३० मध्ये बुडाली. अनेकांच्या ठेवींबरोबर गोद्यांचा पतपुरवठाही नाहीसा झाला.

तिसरे कारण लाकडाचे. पहिल्या ब्रह्मी युद्धानंतर १८२६ मध्ये तेनासरीमचा किनारा ब्रिटिशांकडे आला. सालवीन नदीतून येणाऱ्या सागवानाच्या दारातच असलेल्या मोलमीन येथे जहाजबांधणी सुरू झाली. लाकूड कोलकात्याला नेऊन जहाज बांधण्यापेक्षा लाकडापाशीच ते बांधणे स्वस्त पडू लागले.

चौथे कारण तंत्रज्ञानाचे. कोलकात्याने वाफेचे स्वागत उशिरा केले असे नाही. इंग्लंडहून आणलेली यंत्रे बसविलेली 'डायना' ही वाफेची बोट १८२३ मध्येच खिदिरपूरच्या किड गोदीतून पाण्यात उतरली व पहिल्या ब्रह्मी युद्धात वापरली गेली. मात्र यंत्र बाहेरून येई आणि लाकडी कवच येथे तयार होई. जहाजाचे कवचच लोखंडाचे होऊ लागल्यावर सुताराचे स्थान गेले. लोखंड, कोळसा व यंत्रशाळा यांची जोड ब्रिटनमध्ये होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि लांब पल्ल्याच्या शिडाच्या जहाजांचा उरलासुरला लाभही संपला.

या इतिहासाला एक काळी किनारही आहे. हावडा गोदीतून १८२९ मध्ये उतरलेले 'रेड रोव्हर' हे जलद जहाज चीनला अफू नेण्यासाठी बांधलेले होते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेही मार्ग काढून ते वर्षात अनेक फेऱ्या करू शके. कारागिरी उत्तम होती, परंतु तिचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे कारागिराच्या हाती नव्हते.

१८५३ चे एक जहाज

या पार्श्वभूमीवर 'एडविन फॉक्स'चे महत्त्व लक्षात येते. ब्रिटनचे नौवहनविषयक निर्बंध १८४९ मध्ये रद्द झाले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी सालकियात हे ८३६ टनांचे जहाज उभे राहिले. पेढ्या बुडाल्या होत्या आणि वाफ आली होती, तरीही या काठावरील हातांत सागवानी जहाज बांधण्याची ताकद शाबूत होती, याचा तो पुरावा आहे. कौशल्य आधी मेले नाही. ते वापरण्याची संधी आधी गेली.

या जहाजाचे आयुष्य म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या जगाचा संक्षिप्त इतिहासच आहे. क्रिमियाच्या युद्धात त्याने सैनिक वाहिले. चीनमधील करारबद्ध मजूर क्यूबाला नेले. १८५८ मध्ये त्यातून सुमारे २८० कैदी पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला पोहोचले. कैद्यांना ऑस्ट्रेलियात नेणाऱ्या जहाजांपैकी आज हे एकटेच उरले आहे. १८७३ नंतर ते न्यूझीलंडला स्थलांतरितांना घेऊन गेले. वाफेच्या जहाजांपुढे निरुपयोगी ठरल्यावर १८८५ पासून मेंढ्यांचे मांस गोठविण्याचे तरंगते कोठार आणि पुढे कोळशाचे कोठार म्हणून ते उभे राहिले. १८९७ मध्ये ते पिक्टनला आणले गेले. १९६५ मध्ये ते जतन करू इच्छिणाऱ्या नागरिकांच्या संस्थेने ते एका शिलिंगला विकत घेतले आणि १९९९ मध्ये ते कायमचे सुक्या गोदीत ठेवण्यात आले. मुंबई व हुगळीकाठच्या जहाजांची किंमत परदेशांनी ओळखली, ही एकाच वेळी अभिमानाची व आत्मपरीक्षणाची बाब आहे.

आजचा संदर्भ

हुगळीकाठची जहाजबांधणी संपूर्णपणे थांबली, असे मात्र नाही. कोलकाता बंदरासाठी १८७० मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि १८९२ मध्ये खिदिरपूरची आधुनिक बंदिस्त गोदी कार्यान्वित झाली. १८८४ मध्ये नदीतील बोटींच्या दुरुस्तीसाठी सुरू झालेल्या एका छोट्या कारखान्यातून गार्डन रीच येथील उद्योग वाढला. केंद्र सरकारने १९६० मध्ये तो ताब्यात घेतला. स्वतंत्र भारतात बांधलेली 'अजय' ही युद्धनौका त्याने १९६१ मध्ये नौदलाला दिली आणि २०१९ पर्यंत शंभर युद्धनौका पूर्ण केल्या. हावड्यातील जुन्या हुगळी डॉक या उद्योगाच्या जागी २०१७ मध्ये कोचीन शिपयार्डच्या सहभागाने नवी कंपनी स्थापन झाली. लाकडाचे पोलाद झाले, परंतु नदी व काठ तेच राहिले.

जतनाच्या दिशेनेही काही पावले पडली आहेत. कोलकात्यातील कांकुरगाछी येथील आंबेडकर भवनात बंगालच्या पारंपरिक नौकांच्या प्रतिकृतींचे संग्रहालय उभे आहे. हावडा जिल्ह्यातील डिहिमंडलघाट येथे 'छोट' हा जवळपास नामशेष झालेला नौकाप्रकार २०२२ मध्ये स्थानिक कारागिरांकडून पुन्हा बांधवून घेण्यात आला व त्या प्रक्रियेचे सविस्तर चित्रण करण्यात आले. प्राचीन पद्धतीने फळ्या शिवून बांधलेली 'कौंडिण्य' ही नौका भारतीय नौदलात मे २०२५ मध्ये कारवार येथे दाखल झाली. प्रतिकृती जपणे ही पहिली पायरी आहे. पद्धत जपणे ही दुसरी व अधिक कठीण पायरी आहे, कारण त्यासाठी हात शिल्लक असावे लागतात.

समारोप

हुगळीकाठच्या लाकडी जहाजबांधणीचा इतिहास साठ-सत्तर वर्षांच्या भरभराटीचा आणि नंतरच्या दीर्घ विस्मृतीचा आहे. उद्योग टिकण्यासाठी केवळ कौशल्य पुरेसे नसते. कच्चा माल, भांडवल, अनुकूल कायदा आणि बदलत्या तंत्रज्ञानावरील ताबा या चारही गोष्टी लागतात. कोलकात्याजवळ पहिल्यापासून भक्कम होते ते कौशल्य. उरलेल्या चारही गोष्टींचे निर्णय अन्यत्र घेतले जात होते.

पिक्टनच्या गोदीत प्रेक्षक 'एडविन फॉक्स'च्या फळ्यांवरून हात फिरवतात, तेव्हा त्यांच्या बोटांना सालकियातील कोणा सुताराच्या हत्याराच्या खुणा लागतात. त्याचे नाव आता कोणाला सांगता येणार नाही. परंतु त्याने घट्ट बसविलेला सांधा पावणेदोनशे वर्षांच्या उंबरठ्यावर अजून सुटलेला नाही.